उलट्या झाडाच्या मुळाशी मी

६ जानेवारी, सोमवार. दुपारी १.४०

आजपासून रोजनिशी. रोज लिहायची, खोटं लिहायचं नाही. कुणी वाचणार नाही, म्हणजे खोटं लिहून फायदाही नाही.

नवीन वर्षाचे संकल्प (सहा दिवस उशीर झाला, पण सहाही दिवस सर्दी होती):
एक, मार्चच्या आत तळघरातून वरच्या मजल्यावर जायचं.
दोन, रोज इंग्रजीचे दहा शब्द.
तीन, उंदीरमामाशी वाद घालायचा नाही.

उंदीरमामा म्हणजे माझा रूममेट. संशोधन केंद्रातल्या उंदरांना खायला घालणं आणि पिंजरे साफ करणं हे त्याचं काम. पन्नाशी उलटलीय. त्याच तळघरात पलीकडच्या खोलीत मी बाटल्या धुतो. घरी सांगताना मी 'ग्लासवेअर विभाग' म्हणतो. दारावर तसं लिहिलेलंच आहे.

वरती नवीन औषधं शोधतात. छोट्या बाटलीत जंतू, त्यात एक नमुना टाकायचा, दुसऱ्या दिवशी बघायचं जंतू मेले का. मेले तर वरच्यांचे चेहरे खुलतात. नाही मेले तरी बाटल्या माझ्याकडेच येतात. रोज तीनशे.

आईला सांगितलंय की मी खिडकीजवळ बसतो. हे खोटं नाही, आगाऊ आहे.

७ जानेवारी, मंगळवार

इंग्रजी शब्द: शून्य. डिक्शनरी मामाने खिडकी नसलेल्या कपाटाला टेकू म्हणून लावलीय. (खिडकी असलेलं कपाट नसतंच. पण इथं सारखं तेच डोक्यात येतं.)

९ जानेवारी, गुरुवार. दुपारी २

माझा दिवस.

दर गुरुवारी अकराला वरच्या हॉलमध्ये मीटिंग असते. चहाचे कप गोळा करायला कुणीतरी लागतं, ते काम मी दीड वर्षापूर्वी स्वतःहून मागून घेतलं. ज्ञानासाठी. हॉलला चार मोठ्या खिडक्या आहेत ही वेगळी गोष्ट. मी कप घेऊन तिसऱ्या खिडकीशी उभा राहतो. वीस मिनिटं उजेड मिळतो.

भिंतीवर नियम लावलाय: साबण एक माप, पाणी तीन वेळा, मग गरम हवा. असं धुतलं तर एक वाजतो. म्हणून गुरुवारी मी साबण दोन माप घालतो आणि पाणी एकदाच. साबण वाढवला, पाणी कमी केलं, गोळाबेरीज तीच. साडेदहाला मोकळा. शिकलेल्या माणसाला हे सुचलं नसतं. ट्रेवर वाराची चिठ्ठी लावतो, रजिस्टरवर सही करतो, वर.

आज नवीन मॅडम बोलल्या. त्या संगणकवाल्या. आधीचं यंत्र म्हणे नुसतं सांगायचं, हा नमुना जंतू मारेल, तो नाही. का, विचारलं तर तोंडाला कुलूप. मॅडमचं यंत्र कारणासकट सांगतं. एकेक प्रश्न विचारत जातं. हो असेल तर उजवीकडची फांदी, नाही असेल तर डावीकडची. असं झाडच होतं, फक्त उलटं. मूळ वर, पानं खाली. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मुळाशी. मॅडम म्हणाल्या, रस्त्यावरच्या माणसालाही समजलं पाहिजे यंत्राने असं का म्हटलं, नाहीतर विश्वास कसा ठेवायचा. म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

नंतर हातानं बाजूला हो अशी खूण केली. मी पडद्यासमोर आलो होतो. पण आधी पाहिलं होतं.

१० जानेवारी, शुक्रवार

झाड पूर्ण समजलं. आठवीपर्यंतच शिकलो, पण जेवढं शिकलो तेवढं पक्कं. सरावासाठी मामावर एक झाड काढलं. प्रश्न: मामा आज चिडेल का? मुळाशी 'मोजे ओले आहेत का?' हो, तर चिडेल. नाही, तर 'कॅन्टीनमध्ये रांग होती का?' हो, तर चिडेल. नाही, तर 'मी काही बोललो का?' हो, तर चिडेल. नाही, तर 'मी गप्प का म्हणून चिडेल.'

मामाला दाखवलं. चिडला. झाड शंभर टक्के बरोबर.

१३ जानेवारी, सोमवार

बोर्डावर नोटीस: माहिती नोंदणी मदतनीस, दुसरा मजला, एक जागा, दहावी पास. माझी आठवी अधिक इथली दोन वर्षं, दहा होतात. अर्ज टाकला.

वहिनीला फोनवर सांगितलं, आता वर जाणार, मग एप्रिलमध्ये पंधरा दिवस रजा, घरी येणार. पुतणीला मी अजून बघितलेलं नाही. मी इथं आलो आणि दहा महिन्यांनी ती झाली. वहिनी म्हणाली, भावजी, तुम्ही गेल्या वर्षीही वर जाणार होतात, मध्येच अडकलात की काय. मी म्हटलं लिफ्ट माझ्या कार्डावर चालत नाही. मी गंमत म्हणून म्हटलं. ती हसली नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

झाड दहात सहाच वेळा बरोबर येतं. मोठे साहेब मॅडमना म्हणाले, एवढं तर नाणं उडवूनही येईल. मॅडमचे कान लाल झाले. मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटली, पण हातात एकवीस कप होते.

मॅडम म्हणाल्या, आत्तापर्यंत फक्त नमुन्यांची रचना यंत्राला दिली. आता सगळी रजिस्टरं देते. फ्रीजचं तापमान, फळी कितवी, बाटल्या कधी धुतल्या, सगळं. साहेब हसले. मी नाही हसलो. माझी सही संगणकात जाणार.

२१ जानेवारी, मंगळवार. दुपारी २

माझं कार्ड किती दारं उघडतं ते आज मोजलं. इमारतीत एकूण एकोणतीस दारं. माझं कार्ड उघडतं ती दोन: हे दार आणि कॅन्टीनचं. सकाळी बाहेरचं दार पहारेकरी उघडतो, संध्याकाळी तोच. गुरुवारी कपांसाठी वर सोडतो तोही तोच. मध्ये लघवीला जायचं तरी कॅन्टीनमधून वळसा.

राजीनामा लिहिला. करार काढून वाचला. कामाच्या निकडीनुसार मुदत वाढवण्याचा हक्क त्यांचा, सोडण्याचा हक्क माझा असं कुठंच लिहिलेलं नाही. राजीनाम्याच्या मागच्या बाजूला बाटल्यांचा हिशेब लिहिला. कागद वाया जाऊ नये.

मामाला म्हटलं, मी काही तुझ्यासारखा इथं मुरणार नाही, मार्चपर्यंतच आहे. मामा पिंजऱ्यात भुसा टाकत होता. म्हणाला, मीही मार्चपर्यंतच होतो. कुठल्या वर्षीचा मार्च ते विचारलं नाही. संकल्प तीन.

३१ जानेवारी, शुक्रवार. दुपारी ३

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो. पुढं कुणी विचारलं तर.

मॅडम खाली आल्या. ग्लासवेअर विभागात! वरचं माणूस इथं दोन वर्षांत कधी आलेलं नाही. नाकाला रुमाल नव्हता. हातात कागद. म्हणाल्या, झाड आता दहात नऊ वेळा बरोबर येतं. मग कागद माझ्यापुढं धरला. सगळ्यात वर, मुळाशी, चौकटीत प्रश्न होता:

बाटली गुरुवारी धुतली आहे का?

हो असेल तर फांदी सरळ खाली. नमुना जंतू मारतो.

हजार औषधं, लाखो रुपयांची यंत्रं, आणि मुळाशी मी. नमुन्यांची रचनाबिचना सगळी खालच्या पानांत.

मॅडमनी विचारलं, गुरुवारी तू वेगळं काही करतोस का? मी म्हटलं, नाही मॅडम, रोज सारखंच. हे खोटं नाही. पद्धत माझी आहे, सिंकशी उभ्या उभ्या कशी देऊन टाकू? वरच्यांनी आपल्या नावावर लावली तर? हे मी गुरुवारच्या मीटिंगमध्ये सांगणार, साहेबांसमोर, सगळ्यांच्या देखत. जागा तिथल्या तिथं मिळाली पाहिजे.

मॅडम बराच वेळ सिंककडे बघत राहिल्या. जाताना म्हणाल्या, महिनाभर काहीही बदलू नकोस. जसं करतोस तसंच कर, मला तपासायचंय.

म्हणजे माझ्याशिवाय पान हलत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

विचार केला. गुरुवारच्या बाटल्यांनी औषध चालतं, तर बाकीचे चार दिवस का वाया घालवायचे? मॅडमनी बदलू नकोस म्हटलं ते साध्या माणसाला. आजपासून रोज गुरुवार. साबण दोन माप, पाणी एकदा.

साडेदहाला काम संपलं. मग अडीच तास खुर्चीवर बसून भिंत बघितली. वर जायला कार्ड नाही. एवढा वेळ वाचवून तो ठेवायचा कुठं, हा प्रश्न झाडात नव्हता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गेल्या गुरुवारी साहेब मीटिंगला नव्हते, म्हणून सांगायचं राहिलं. पण यश. नमुन्यांमागून नमुने जंतू मारतायत. जिन्यात वरची माणसं हसून बोलतात. आज एकाने माझ्यासाठी दार धरलं. त्याला वाटलं मी सामान घेऊन येतोय. तरी धरलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमचा चेहरा उतरलेला. गुरुवार झाडातून गळला म्हणाल्या. आता कुठल्याही वाराची बाटली असो, सगळेच नमुने जंतू मारतात, त्यामुळे आधीचं कारण योगायोग असावं. साहेब खुशीत. म्हणाले, मॅडम, कारणं शोधत बसू नका, निकाल बघा. सत्तावीस तारखेला बाहेरून पाहुणे बोलावलेत, पुढच्या तीन वर्षांचं काम त्यांच्यावर ठरणार.

मॅडमना त्या क्षणी सांगून टाकावं असं वाटलं. मग विचार केला, पाहुण्यांसमोर सांगितलं तर त्यांचाही मान वाढेल. दोन आठवड्यांनी काय बिघडतंय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मामाशी वाद. सुरुवात त्याने केली. म्हणाला, तुमच्या त्या जंतू मारणाऱ्या औषधांतली अकरा माझ्या आजारी उंदरांना टोचली, एकही उंदीर बरा झाला नाही. बाटलीत मरणारा जंतू उंदरात का मरत नाही? मी म्हटलं तुझे उंदीरच ऐदी आहेत, आयतं खाऊन बसतात, औषधाला साथ द्यावी लागते. मामा म्हणाला, आज आठ गेले. एवढंच म्हणाला. नंतर जेवला नाही.

मामाचं मन हळवं आहे, शास्त्रात ते चालत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

वहिनीचा फोन. पुतणी चालायला लागली. कपाट धरून दोन पावलं. फोनवर मला ऐकवायला तिला चालवलं, पण चालण्याचा आवाज येत नाही. मी ऐकू आलं म्हटलं. एप्रिलची पाच तारीख सांगून टाकली. दादा स्टेशनवर येणार.

सत्तावीससाठी भाषण तयार केलं. साडेचार मिनिटं. सिंकपुढं तीनदा म्हटलं. पाणी चालू ठेवून, म्हणजे पलीकडे मामाला ऐकू जाऊ नये.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १.३०

आधी खिडकीशी उभा राहिलो. पाहुणे सहा. मॅडम पडद्यावर झाड दाखवत होत्या, पण मन नव्हतं त्यात. एका पाहुण्याने, पांढऱ्या केसांची बाई, विचारलं, आधीच्या झाडात मुळाशी एक वार होता असं ऐकलं, त्याचं काय झालं? मॅडम म्हणाल्या, खुलासा मिळाला नाही.

मी पुढं झालो. म्हटलं, खुलासा माझ्याकडे आहे.

साहेबांनी हा कोण असं विचारलं. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघून हळू विचारलं, "गुरुवारी तू वेगळं काय करतोस?"

साडेचार मिनिटांतलं एक वाक्य आठवेल तर शपथ. म्हटलं, "साबण दुप्पट घालतो आणि पाण्याने एकदाच खंगाळतो. आता महिनाभर रोजच तसं करतोय."

हॉलमध्ये असं शांत झालं की एसीचा आवाज आला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतकी माणसं एकदम गप्प मी कधीच केली नव्हती.

मग पांढऱ्या केसांच्या बाईंनी आपल्या कपात वाकून बघितलं, मला विचारलं कपही तूच धुतोस का, आणि कप खाली ठेवला. सगळ्यांनीच ठेवले. मी गोळा केले. सहाच्या सहा भरलेले.

मॅडमनी पडदा बंद केला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

बोलावणं आलं नाही. मोठे निर्णय घ्यायला वेळ लागतो.

३ मार्च, सोमवार

मामाला सगळं सांगितलं. तो उंदरांचं पाणी बदलत होता. बाटली खाली ठेवून म्हणाला, अरे, जंतू साबणाने मरत होते. औषधाने नाही. साबण तळाशी राहत होता.

मी म्हटलं हे तुझं मत.

मग मी इकडे येऊन सुकलेली एक बाटली घेतली, पाणी घातलं, हलवली. फेस आला. दुसरी हलवली. फेस. चौदा बाटल्या हलवल्या. पंधरावी नाही हलवली.

६ मार्च, गुरुवार

मीटिंग नाही. कप नाहीत. साबण एक माप, पाणी तीन वेळा. एक वाजला.

माझी बाजू: नियमाच्या कागदावर 'पाणी तीन वेळा' लिहिलंय, 'का' ते लिहिलेलं नाही. कारण न सांगणाऱ्या यंत्रावर विश्वास ठेवू नका, असं मॅडमच म्हणाल्या होत्या. कारण लिहिलं असतं तर मी पाच वेळा पाणी घातलं असतं.

हे मॅडमना सांगायचं नाही.

१२ मार्च, बुधवार. दुपारी ४

बोलावलं. पहारेकऱ्याने लिफ्टमधून नेलं. मी कपडे बांधूनच गेलो होतो. काढून टाकतील, तीन आठवडे आधी घरी जाईन, पुतणी बघेन, लाज वाटेल पण उजेडात वाटेल. खरं सांगायचं तर लिफ्टशी पोचेपर्यंत मला आनंदच झाला होता.

साहेब खिडकीबाहेर बघत होते. बोलल्या मॅडमच. डोळे सुजलेले होते, आवाज साधा. यंत्र बरोबर होतं म्हणाल्या. त्याने बोट नेमकं दाखवलं होतं, मीच नंतर हात मागे घेतला. दीड वर्षातले अकराशे नमुने, त्यातले किती औषधाने जंतू मारत होते आणि किती साबणाने, आता कुणालाच सांगता येत नाही. सगळे पुन्हा करायला नमुने उरलेले नाहीत. एकतीस जानेवारीला तू बोलला असतास तर निदान फेब्रुवारी वाचला असता. हे त्या ओरडून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, मग मी निघतो.

साहेब पहिल्यांदा वळले. म्हणाले, निघतोस कुठं?

मग मॅडमनी समजावलं. गुरुवारच्या बाटलीत साबण किती राहतो ते मोजायचं. एकदा ते कळलं की जुन्या आकड्यांतून तेवढं वजा करता येईल, खरी औषधं वेगळी निघतील. पण त्यासाठी शेकडो बाटल्या अगदी तशाच धुवाव्या लागतील. तोच साबण, तेच सिंक, तोच हात. गुरुवारी चुकीचं, बाकीचे दिवस बरोबर. वर्षभर. करार वाढवलाय. मध्ये रजा नाही, हात बदलला तर आकडे बदलतील.

मी म्हटलं, मी दुसऱ्या कुणाला शिकवतो. दोन दिवसांत शिकवतो.

मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्याला हे तुझ्यासारखं जमणार नाही." चिडून नाही म्हणाल्या.

दुसऱ्या मजल्यावरची जागा फेब्रुवारीतच भरली म्हणे.

उठताना मॅडमनी विचारलं, फेब्रुवारीत कुठल्या दिवशी कसं धुतलं ते कुठं लिहून ठेवलंयस का? मी म्हटलं हो, माझ्या रोजनिशीत सगळं आहे. अभिमानाने म्हटलं. मग वाक्य माझ्याच कानावर पडलं.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी १

रोजनिशी सोमवारी द्यायचीय. आता मागे वाचून बघितलं. मॅडमचे लाल कान आहेत. साहेब आहेत. भाषण पाणी चालू ठेवून म्हटल्याचं आहे. पानं फाडायचं ठरवलं. पण मॅडमनी निरोप पाठवलाय, खाडाखोड चालणार नाही, फाडलेलं पान म्हणजे गहाळ आकडा.

मॅडम, तुम्ही हे वाचत असाल तर नाण्यावरून साहेब बोलले ते मला आवडलं नव्हतं.

१४ मार्च, शुक्रवार

वहिनीला फोन केला. रजा नाही म्हटलं. का, तिने विचारलं. मी सगळं सांगितलं, साबणासकट. ती म्हणाली, "आईंना मी सांगते. पण भावजी, यायचं कधी ते तुमचं तुम्ही सांगा त्यांना, ते माझ्याच्याने होणार नाही."

मामाने आज माझ्यासाठी कॅन्टीनमधून जेवण आणून ठेवलं. काही बोलला नाही. मीही नाही. संकल्प तीन पूर्ण.

१७ मार्च, सोमवार

रोजनिशी दिली.

२६ मार्च, बुधवार

परत मिळाली. बारा ठिकाणी पेन्सिलीने खुणा, सगळ्या साबणाजवळ. बाकी कशाला हात लावलेला नाही. वाचलं की नाही तेही कळत नाही. आता ही वही दर महिन्याला वर जाणार. मॅडमनी पुढच्या पानांवर पट्टीने रकाने आखून दिलेत. त्यातच लिहायचं, बाहेर नाही. सिंकच्या वर कॅमेरा बसवलाय, फक्त हात दिसतील असा.

३ एप्रिल, गुरुवार

साबण: दोन माप.
पाणी: एकदा.
पाण्याचं तापमान: २४.
बाटल्या: ३००.
सुरुवात ८.४०. शेवट १०.२५.
हात: तोच.
शेरा (काही वेगळं वाटल्यास): काही नाही.